मागच्या सीटखालचा पंप

थांबा मित्रांनो, आधी मला जरा दम खाऊ द्या. वय झालं की बोलतानाही धाप लागते, आणि माझं तर सगळं आयुष्यच धापा टाकण्यात गेलं. मी एका जुन्या मोटारीतला, विजेवर चालणारा पेट्रोलचा पंप आहे. छे छे, रस्त्याकडेला गाड्यांची रांग लागते तो पंप नव्हे. ती बडी असामी! मी आपला दोन मुठींएवढा, मागच्या सीटखाली अंधारात बसलेला. टाकीतलं पेट्रोल ओढायचं आणि पुढे इंजिनाकडे ढकलायचं, एवढंच माझं काम. पण ते 'एवढंच' मी कसं निभावलं, ते माझं मला ठाऊक.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा माझ्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलं, त्याच्या टोकाला एक लवचिक पडदा लावला आणि डोक्यावर, काळ्या टोपीखाली, दोन छोटे पॉइंट दिले. हे पॉइंट एकमेकांना टेकले की वीज वाहते, वेटोळं पडदा ओढून घेतं आणि पेट्रोल आत येतं. मग पॉइंट सुटतात, स्प्रिंग पडद्याला ढकलते आणि पेट्रोल पुढे जातं. टक्! पुन्हा टेकतात, पुन्हा टक्! दर वेळी बारीकशी ठिणगी उडते आणि पॉइंट कणभर जळतात. म्हणजे बघा, मी काम केलं की झिजणार, आणि काम तर रोजचंच. सांगायचं कुणाला?

तरुणपणी माझं कौतुक मात्र खूप झालं. आमचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते चावी फिरवायचे आणि बोट वर करून गाडीतल्या सगळ्यांना गप्प करायचे. माझी टकटक आधी जोरात, मग हळू, मग बंद. "भरलं! आता चला," असं काका म्हणाले की मगच इंजिन सुरू व्हायचं. पाहुण्यांनी मध्येच तोंड उघडलं तर काका असे बघायचे, की पाहुणे पुढचा सगळा रस्ता मुके.

काका टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. तिथंही असलेच शेकडो पॉइंट असत आणि ते घासूनपुसून ठेवणं हेच त्यांचं काम होतं. सुट्टीच्या दिवशी तोच हात माझ्यावर फिरायचा. टोपी काढायची, बारीक पॉलिश पेपरची पट्टी पॉइंटांच्या मध्ये सरकवायची, आणि अगदी हलक्या हाताने, तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तसं पुसायचं. मग एक्सचेंजमध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली आणि काकांना वेळेआधीच घरी बसवलं. त्यानंतर ते मला वरचेवर घासू लागले. मला मेल्याला काय कळतंय? मला वाटलं, माझ्यावरची माया वाढली.

पुढे काकांच्या डोळ्यांनी दगा दिला. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हा काकू उतारवयात गाडी शिकल्या. शिकल्या म्हणजे काय, झकास शिकल्या! पण तोवर मी थकलो होतो. पॉइंट झिजून खड्डे पडले होते आणि मी वाटेत कुठंही अडून बसायचो. त्यावर काकांनी एक इलाज शोधला, माझ्या अंगावर एक ठोसा. ठोसा बसला की चिकटलेले पॉइंट सुटत आणि मी पुन्हा टकटकू लागे. यासाठी काकांनी लाकडी मोगरी बाळगली आणि मागच्या सीटची अर्धी गादी उचलून ते उरलेल्या अर्ध्या गादीवर बसू लागले. एक हात मोगरीवर, दुसरा माझ्या डोक्यावर. गाडी निघाली की हे ठरलेलंच.

तर पुढे काकू एकट्या, आणि मागे काका नि मी. शेजारची सीट रिकामी. नवराबायकोची भांडणंसुद्धा आरशातून चालत. एकदा सिग्नलला एका माणसानं खिडकीत वाकून काकूंना विचारलं, "काय बाई, टॅक्सी ना? पुढची सीट मोकळी दिसतेय, स्टेशनवर सोडाल?" काका खो खो हसले. काकू हसल्या नाहीत. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, मी तुमच्यासाठी गाडी शिकले. शेजारी बसून गप्पा मारत कुठंतरी जावं, एवढीच हौस होती मला."

"अगं, पण पंपाकडे कोण बघणार?" काका म्हणाले.

मग एकदा चढावर मी पुरता बसलो. काका मोगरी मारताहेत, मागचा ट्रक भोंगा वाजवतोय, आणि गाडी हळूहळू मागे सरकतेय. काकूंनी हँडब्रेक खेचून धरला तेव्हा कुठे ती थांबली. मार खाऊन खाऊन मी बधिर झालो होतो. खरंच सांगतो, त्या घडीला मला भंगारात टाकलं असतं तरी मी सुटलो म्हटलं असतं.

काकूंनी दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं माझी टोपी काढली आणि चुकचुकला. "काकू, पॉइंट काढून टाकू. त्या जागी इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवतो. ना ठिणगी, ना घासाघाशी." माझे पॉइंट निघाले तेव्हा कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवल्यासारखं वाटलं.

आता नीट ऐका. हल्लीच्या गाड्यांत बॅटरीची वजा बाजू गाडीच्या पत्र्याला जोडतात. आमच्या गाडीत उलटं आहे, अधिक बाजू पत्र्याला. मिस्त्रीनं सवयीनं सर्किटची काळी, म्हणजे वजा, तार पत्र्याला लावली आणि लाल तार माझ्याकडे येणाऱ्या विजेला. काका शेजारीच उभे होते. दृष्टी अधू असली तरी लाल-काळं त्यांना दिसत होतं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मिस्त्रीनं चावी फिरवली आणि माझ्या टोपीखालून धूर निघाला.

"सर्किटच खराब दिसतंय," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला आणि ओशाळून निघून गेला.

काका मागे आपल्या अर्ध्या गादीवर जाऊन बसले. काकूही मागचं दार उघडून त्यांच्याशेजारी टेकल्या. दमून गेल्या होत्या बिचाऱ्या. "जाऊ दे. विकून टाकू गाडी," त्या म्हणाल्या.

काकांनी मोगरी उचलून पायाशी ठेवली. मग म्हणाले, "सर्किट चांगलं होतं. त्यानं तारा उलट्या जोडल्या. मला दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"एक्सचेंजमध्ये नवी यंत्रं आली, तेव्हा मी हातात पॉलिश पेपर धरून नुसता उभा राहिलो होतो. कुणाला माझं काही कामच उरलं नव्हतं. आता हा पंपही म्हणणार, जा तुम्ही."

काकूंचा आवाज चढला. "पंप काय म्हणतो ते बरोब्बर ऐकू येतं हो तुम्हाला! मी इतकी वर्षं पुढून बडबडतेय, ते येतं का कधी? मला चांगल्या पंपाचं काय करायचंय? मला तुम्ही शेजारी हवे आहात." आणि त्या रडू लागल्या. मित्रांनो, मी या घरात किती मार खाल्ला, पण इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

मिस्त्री दुसरं सर्किट घेऊन आला, तेव्हा काका स्वतःहून म्हणाले, "लाल तार पत्र्याला लाव रे. या गाडीत उलटं असतं. मागच्या वेळी मी सांगायला हवं होतं." चावी फिरली. टक्, टक्, टक्. आवाज माझाच होता, फक्त आत आग उरली नव्हती.

मग दोघं बाहेर निघाले. काकांनी सवयीनं मागचं दार उघडलं. काकूंनी आतून वाकून पुढचं दार उघडलं आणि नुसतं बघितलं. काका घुटमळले. मग त्यांनी मागची गादी नीट बसवली, दार लावलं आणि पुढे जाऊन बसले.

मी आपलं काम करत राहिलो. पुढे ते काय बोलत होते, इंजिनाच्या घरघरीत मला कळलं नाही, पण बोलणं थांबत नव्हतं. त्या दिवशी कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच माझ्या डोक्यावर कुणाचा हात नव्हता. खोटं कशाला बोलू, जरा पोरकं वाटलं. पण चढ आला आणि मी न कुरकुरता तो चढून गेलो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी थकलेला पंप, मी वेगळं सांगतो. तुमच्या घरीही कुणीतरी सगळ्यांची गाडी चालू राहावी म्हणून मागे अंधारात बसलेलं असेल, आपण उठलो तर सगळं बंद पडेल या भीतीनं. ते स्वतःहून कधीच उठणार नाही. तुम्हीच त्याच्यासाठी पुढचं दार उघडा.