कॅम्परसाठी ट्रक

इंगव्हाल्ड स्कोग्लुंडचा फोन आला तेव्हा मी बिअरॉक करत होते. कणकेच्या गोळ्यात कोबी-खिमा भरून कडा दाबायच्या आणि ओव्हनमध्ये सरकवायचं. हात कणकेत, त्यामुळे फोन आर्लनने घेतला. मोंटाना लांब आहे म्हणून मोठ्याने बोलावं लागतं अशी माझ्या नवऱ्याची अजूनही समजूत आहे.

"काय म्हणतोस? विकली? सगळी जमीन?" तो ओरडला. मग बराच वेळ नुसतं "हं, हं" चाललं. फोन ठेवून तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"इंगव्हाल्डने जमीन शेजाऱ्याला दिली," तो म्हणाला. "यंदाचा गहू शेवटचा. म्हणतो, कॅम्पर घेऊन या. काम नको, नुसतं बघायला या. झाडाखालची आपली जागा तशीच ठेवलीय म्हणे."

आम्ही दुसऱ्यांच्या शेतात मजुरीने गहू कापणारे कापणीवाले होतो. तीसेक उन्हाळे आमचं घर चाकांवर होतं. मे संपता संपता कंबाईन यंत्रं लादून ओक्लाहोमात उतरायचं आणि गहू जसा पिकत जाईल तसं उत्तरेकडे सरकायचं. आमचं कॅन्सस, मग नेब्रास्का, डाकोटा, आणि ऑगस्टमध्ये मोंटानाच्या टोकाला इंगव्हाल्डचं शेत, जिथून कॅनडाची हद्द दिसते. यंत्रांवर कामाला ठेवलेली पोरं, धान्याच्या ट्रकवर मी, आणि माझ्या स्वयंपाकाचा कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं ओढायचं घर, आर्लनच्या पिकअपमागे. आमची रोशेल त्या कॅम्परमध्येच चालायला शिकली. गाडी थांबलेली असली की ती पडायची आणि हलत असली की नीट उभी राहायची.

पुढे गुडघे बोलायला लागले, यंत्रांच्या किमती आभाळाला भिडल्या, आणि आम्ही सगळं विकलं. यंत्रं गेली, ट्रक गेले, पिकअपही गेला. कॅम्पर मात्र कुणाला नको होता. तो खळ्यामागे उभा राहिला आणि त्याच्या छताखाली पाकोळ्यांनी घरटी केली.

म्हणजे कॅम्पर होता, पण ओढायला काही नव्हतं. आमची छोटी गाडी कोंबड्यांचं खाद्य आणायची. कॅम्पर जोडला असता तर बिचारी पुढची चाकं वर करून बसली असती.

"विमानाने जा ना," रोशेल विचिटाहून फोनवर म्हणाली.

"विमानाला कॅम्पर जोडता येतो का विचार तिला," आर्लन मागून ओरडला.

ट्रक घ्यायचं ठरलं. मला वाटलं होतं आर्लन आधी जुने बाजार धुंडाळेल. जन्मभर त्याने दुसऱ्यांचे वापरलेले ट्रकच घेतले, आणि ते दुरुस्त करताना त्या दुसऱ्यांना शिव्या दिल्या. पण या खेपेला तो म्हणाला, "नवा घेऊ."

"नवा? तू?"

"एकदा तरी ज्यात दुसऱ्याच्या तंबाखूचा वास नाही अशा ट्रकमध्ये बसायचंय मला."

हेज गावातल्या शोरूममधला कर्बी हा विक्रेता भला माणूस होता. त्याने कॅम्परचं वजन विचारलं, आम्ही किती लांब जाणार ते विचारलं आणि सांगितलं, "साहेब, ट्रक ओढतो हो, पण थांबवता आला पाहिजे. उतारावर मागचं ओझं तुम्हाला ढकलतं. मी गाडी तुमच्याकडेच आणतो. तुमचाच कॅम्पर जोडून बघा."

आणि खरंच घेऊन आला. पांढरा, उंच, आरशासारखा चकचकीत. चढायला पायरी आपोआप बाहेर यायची. आर्लन आत बसला आणि ट्रक कॅम्परच्या दिशेने मागे घ्यायला लागला. मी सवयीने कॅम्परच्या दांड्याशी जाऊन उभी राहिले आणि उजवा हात वर केला.

हे कसं सांगू? ट्रकमागे एक लोखंडी गोळा असतो आणि कॅम्परच्या दांड्याला वाटीसारखं तोंड. गोळा बरोबर वाटीखाली आला पाहिजे. चालवणाऱ्याला तो दिसत नाही, म्हणून मागे कुणीतरी उभं राहायचं. ती कुणीतरी म्हणजे मी. पंजा हलवला की ये. बोट ज्या बाजूला, त्या बाजूला वळ. दोन तळव्यांमधलं अंतर म्हणजे उरलेलं अंतर. मूठ म्हणजे थांब. आणि मी टोपी काढून मांडीवर आपटली की गाडीतून उतर आणि स्वतः येऊन बघ, माणसा.

दर मुक्कामाला आमचं यावरून भांडण व्हायचं. पोरं जेवणाचे डबे घेऊन बघायला बसायची. पहिल्या खेपेत बसतं की चौथ्या, यावर त्यांच्या पैजा लागायच्या. एकदा डाकोटात मात्र क्षितिजावर हिरवट काळं आभाळ चढलं, गारा येणार हे सगळ्यांना कळलं, आणि आर्लनने एकही शब्द न बोलता, आरशात फक्त माझा हात बघत, एका झटक्यात गोळा वाटीखाली आणला. मी मूठ वर केली तेव्हा पहिली गार माझ्या मनगटावर पडली. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही, पण मला तो लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त आठवतो.

तर, मी हात वर करून उभी होते. ट्रक सरळ आला, बरोबर आला, अलगद थांबला. आर्लन माझ्याकडे बघतच नव्हता. मागच्या कॅमेऱ्यातलं समोरच्या पडद्यावर त्याला सगळं दिसत होतं, गोळासुद्धा आणि कदाचित माझे बूटही.

"बघा मॅडम," कर्बी मनापासून म्हणाला, "आता तुम्हाला उन्हात उभं राहायला नको."

मी हात खाली घेतला आणि उगाचच अॅप्रनला पुसला.

आम्ही कॅम्पर जोडून मोठ्या रस्त्याने फिरून आलो. ट्रकमध्ये इतकी शांतता की आर्लनचं घड्याळ ऐकू येत होतं.

"कसा आहे?" मी विचारलं.

"झकास. मागे काही आहे असं वाटतच नाही," तो म्हणाला. ही स्तुती होती की तक्रार, मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं. कर्बीला त्याने विचार करून सांगतो म्हणून वाटेला लावलं.

त्याच आठवड्यात तो धान्याच्या कोठारावर गेला होता, तिथल्या फळ्यावर त्याने चिठ्ठी पाहिली: एक टनी डिझेल पिकअप, विकणे आहे. नॉरीन श्राग. नॉरीनला आम्ही तोंडओळखीने जाणत होतो. तिचा नवरा डेल्मर घोड्यांचा व्यापारी, घोडे लादून अर्धा देश फिरायचा. गेल्या हिवाळ्यात गेला.

नॉरीन ऐंशीच्या पुढची, काटक बाई. तिने शेडचं दार सरकवलं. आत ट्रक होता आणि त्यावर अंथरल्या होत्या फुलाफुलांच्या चादरी. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या.

"धूळ बसलेली त्याला चालायची नाही," ती म्हणाली आणि एकेक चादर काढून घडी करायला लागली. मी दुसरं टोक धरलं.

ट्रक तपकिरी होता, बऱ्यापैकी जुना, मागे जोडचाकं. किल्ली फिरवल्यावर तो आधी खाकरला, मग खालच्या सुरात धडधडायला लागला. नॉरीनने तोंड दुसरीकडे वळवलं. आर्लन वाकून खाली शिरला, गंज बघितला, ब्रेकच्या नळ्या बघितल्या, आणि मग त्याला बाहेर येता येईना. नॉरीनने एक पाय धरला, मी दुसरा.

"गिऱ्हाईकच खाली अडकलं तर मी ट्रक विकायचा कसा?" नॉरीन धापा टाकत म्हणाली. "ऐका, लपवायचं काही नाही. एसीला मूड असेल तर चालतो. डावं दार उचलून लावावं लागतं. ब्रेक उत्तम आहेत. घोड्यांच्या बाबतीत तो हयगय करायचा नाही. माझ्या बाबतीत करायचा."

डेल्मरचा घोड्यांचा ट्रेलर आवारातच होता. तो जोडून बघू म्हणून आर्लन आत बसला. इथे ना पडदा, ना कॅमेरा. मी दांड्याशी गेले, हात वर केला, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

ट्रक तिरका आला. मी बोटाने उजवी बाजू दाखवली. तो डावीकडे गेला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मी मूठ वर केली, तरी तो येतच राहिला आणि ट्रेलरच्या दांड्यावर धाडकन आदळला. मी टोपी काढून मांडीवर आपटली. काहीच नाही. इंजिन बंद झालं, पण तो खाली उतरला नाही.

मी खिडकीशी गेले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर बघत होता.

"मान वळत नाही, जोएट. आरशात हात दिसतो, पण बोटं कळत नाहीत."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"चर्चमध्ये मागच्या बाकावरच्यांना तू अख्खा वळून नमस्कार करायला लागलास तेव्हापासून."

तो जरासा हसला. "म्हणून नवा म्हणत होतो. तंबाखूबिंबाखू उगाच. वाटलं, पडद्यावर बघून नेईन. तुला कळायचं नाही."

एवढ्यात घराच्या पायरीवर बसलेली नॉरीन ओरडली, "अरे, मग तिला बसव की! ती काय जन्मभर उन्हात हात हलवायलाच आहे का?"

आर्लनने माझ्याकडे बघितलं. धान्याने गच्च भरलेला ट्रक मी वर्षानुवर्षं चालवला होता, पण कॅम्पर नेहमी त्याचाच. कधी ठरवलं नव्हतं. तसं होतं, एवढंच. तो उतरला. मी चढले, आसन पुढे घेतलं, दार उचलून लावलं.

आर्लन मागे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात हलवायला लागला.

"हे काय चाललंय?" मी खिडकीतून ओरडले. "कोंबड्या हाकलतोयस का?"

"तू हाताकडे बघ माझ्या!"

"कुठल्या? दोन्ही उडतायत!"

"उजव्या!"

"तुझ्या की माझ्या?"

नॉरीन इतकी हसली की तिला कठड्याचा आधार घ्यावा लागला. पहिल्या खेपेला मी वीतभर चुकले. दुसऱ्या खेपेला आर्लनने एक हात खिशात घातला आणि दुसऱ्याने अगदी हळू, मी करायचे तसा, पंजा हलवला. मग दोन तळवे. अंतर कमी, आणखी कमी. मग मूठ.

गोळा वाटीखाली होता.

घरी येताना तो म्हणाला, "कर्बीचा ट्रक कुणीही एकट्याने चालवेल. शहाणपणाचं तेच आहे."

"आहेच," मी म्हटलं.

"याला दोन माणसं लागतात. शिवाय टायर, पट्टे, एसी, सगळं करून घ्यावं लागेल."

"मग करून घे ना."

त्याने करून घेतलं, एसी सोडून. कर्बीला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, ब्रेकचा जोड बरोबर बसवलाय ना, ते येऊन दाखवा, फुकट बघून देतो. आणि दिला.

किल्ल्या देताना नॉरीनने ट्रकमधले डेल्मरचे हातमोजे काढून घेतले. "जाताना आमच्या रस्त्याने जा," ती म्हणाली. "हॉर्न नका वाजवू. नुसते जा. आवाज मी ओळखेन." आम्ही सकाळी तिच्या घरावरून गेलो तेव्हा ती फाटकाशी आलीच नाही. खिडकीचा पडदा मात्र बाजूला होता.

मी चालवत होते. आर्लन शेजारी बसून कुठे काय होतं ते सांगत होता, जणू मी तिथे नव्हतेच कधी. नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांवर आडवा वारा आला आणि कॅम्परने मागून ट्रकला शेपटासारखा झटका दिला. मागे काहीतरी आहे हे इथे चांगलंच कळत होतं. डाकोटात जिथे आम्ही ॲपल पाय खायला थांबायचो ते हॉटेल नव्हतं; मोकळ्या जागेत त्याच्या पाटीचे फक्त खांब उभे होते. आम्ही तरीही तिथे थांबलो, गाडीतच बसून माझे बिअरॉक खाल्ले आणि तिथल्या वाढणारीचं नाव आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

इंगव्हाल्ड फाटकातच खुर्ची टाकून बसला होता. अंगाने निम्मा झाला होता, पण खांद्यावरच्या पट्ट्यांची पँट तीच. कॉटनवुडच्या झाडांखालची जागा त्याने खरंच गवत कापून ठेवली होती. मी स्टिअरिंगवर आणि आर्लन मागे, हे पाहून तो म्हणाला, "अरेच्चा! बढती कुणाची झाली म्हणायची?"

कापणीला दुसरीच टोळी होती. चांगली पोरं, पण दुपारी गावातून आणलेले गार सँडविच खायची. मला ते बघवेना. दुसऱ्या दिवसापासून कॅम्परची चूल पेटली आणि मी शेताच्या कडेला ट्रकचं मागचं फळकट पाडून त्यावर ताटं मांडली, पूर्वीसारखीच. आर्लनला पोरांनी यंत्रावर बसवलं. तिथे मान वळवावी लागत नव्हती. गव्हाचा शेवटचा पट्टा कापताना त्याने इंगव्हाल्डला वर शेजारी घेतलं. दोघं म्हातारे काचेआड काय बोलत होते ते मला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. खाली उतरल्यावर इंगव्हाल्डने एक लोंबी तळहातावर चुरली, फुंकर मारली, दाणे तोंडात टाकले आणि सावकाश चघळत बसला.

"दाणा भरलाय," तो म्हणाला.

शनिवारी शेजारी घराच्या किल्ल्या घ्यायला येणार होता. इंगव्हाल्डची मुलगी त्याला न्यायला येते म्हणाली, पण त्याने नको सांगितलं. म्हणाला, हे दोघं त्याच वाटेने जातायत. सकाळी आर्लनने एकहाती खुणा केल्या, मी कॅम्पर जोडला, इंगव्हाल्डच्या दोन पेट्या आत ठेवल्या. तो पुढच्या लांब आसनावर आमच्या दोघांच्या मध्ये बसला, गुडघ्यांवर टोपी ठेवून.

मी ट्रक फाटकातून हळू बाहेर काढला. दोन्ही बाजूंना नुसती धसकटं, उन्हात पिवळीधमक. मला वाटलं तो बघेल, थांब म्हणेल. त्याने मान खाली घातली, टोपीची कड बोटांनी फिरवली आणि एकदम विचारलं, "टोळ आले होते ते वर्ष आठवतं का रे, आर्लन?"

"न आठवून कसं चालेल? माझा शर्ट खाल्ला त्यांनी."

"शर्ट नाही, कॉलर. उगाच फुगवून सांगू नकोस."

"शर्ट! हिला विचार."

"कॉलर आणि एक बाही," मी म्हटलं आणि गिअर टाकला. मुलीचं गाव येईपर्यंत ते दोघं टोळांवरून भांडत होते आणि मी जमेल तितक्या सावकाश चालवत होते.