दारावर ठेवलेला हात

"चाचा, तिसऱ्या मजल्याचं दार परत एकदा उघडा," प्रणिता म्हणाली.

हे चौथ्यांदा. मी बटण दाबलं. लिफ्टचं दार उघडलं, मिटलं. तिने दाराला चिकटवलेला काडेपेटीएवढा डबा दाराबरोबर गेला, आला, आणि तिच्या मोबाईलवर रेघ उमटली. बाकीच्या मजल्यांची रेघ सरळ आली होती. हिला करवतीसारखे दात.

"दार थरथरतंय," ती म्हणाली.

"कुठं थरथरतंय? मी हात लावून पास केलंय ते!" माझा आवाज चढलाच.

सत्तावीस वर्षं मी लिफ्टची दारं बसवतोय, पनवेलपासून कोलाडपर्यंत. दार बसलं की तळहात सपाट पत्र्यावर ठेवायचा आणि दाराबरोबर चालायचं. रोलर कुठे आवळलाय, उंबऱ्याच्या खाचेत खडा कुठे आहे, सगळं हात सांगायचा. आमचे हर्षदशेठ गिऱ्हाइकाला म्हणायचे, शरीफभाईने हात लावला ना, मग झालं. आता त्याच शेठने ही चोवीस वर्षांची इंजिनिअर आणि तिचा डबा पेणच्या साइटवर पाठवला होता. राग येणार नाही तर काय!

"रुळाखालचा रोलर आवळला असेल," ती म्हणाली. "कागद घालून बघता?"

रूळ आणि रोलर यांच्यामध्ये कागद जेमतेम सरकला पाहिजे, असा हिशोब असतो. मी खिशातल्या बिलाचा तुकडा आत घातला आणि ओढला. अर्धा कागद फाटून आतच राहिला. फाटला हे डोळ्यांना दिसलं. बोटांना काही कळलं नाही.

आणि हे मला माहीत होतं, हीच तर गोची. रमजानमध्ये एकदा चहाचा टोप चुलीवरून उतरवला, तर बायको किंचाळली. "अल्ला! भाजत नाय का तुमाला?" अमीनाने टोप हिसकावून घेतला तेव्हा माझ्या बोटांवर फोड आले होते. डॉक्टर म्हणाले, साखरेने नसा गेल्या. मी अमीनाला शपथ घातली, शेठला कळता कामा नये. हात गेला म्हणजे मी गेलो. दुसरं काय येतं मला? तेव्हापासून तळहात दारावर ठेवायचो, मान डोलवायचो आणि पास म्हणायचो.

पेणचा रोलर मी दहा मिनिटांत सैल केला. रेघ सरळ झाली. प्रणिता डबा पेटीत भरू लागली, पण मला चैन पडेना. जिना उतरलो, परत चढलो. पाना पिशवीत टाकला, परत काढला. डोक्यात रोह्याचं काम घुमत होतं. तिथली इमारत मी डब्याशिवाय, नुसत्या हाताने पास केली होती. चौथ्या मजल्यावर माझी मोठी बहीण राहते, रिझवानाआपा. गुडघे कामातून गेलेत तिचे. सकाळीच तिचा फोन आला होता. "काल लिफ्ट मधेच अडली रे. दहा मिनटं आत होते मी. पण तू बसवलेली हाय, म्हणून घाबरले नाय."

घाबरले नाय म्हणे!

"मॅडम," मी म्हणालो, "रोह्याला येता? डबा घेऊन."

"ती साइट तर झाली ना? तक्रार आलीय का कुणाची?"

"माझी हाय."

गाडी प्रणिताच चालवत होती. कासू गाव मागे पडलं तरी मी काच वर-खाली करत होतो. "चाचा, काच सोडा हो," ती म्हणाली. मी काच सोडली आणि पिशवीचा बंद ओढत बसलो. गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? परत फिरा म्हणायला दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

रोह्याला वरून सुरुवात केली. पाचवा मजला, रेघ सरळ. चौथ्यावर एकच उडी आली. खाचेत तांदळाचे दाणे होते, ते झाडले आणि रेघ सरळ. तिसऱ्यावर किंचित थरथर. दुसऱ्यावर जास्त. पहिल्यावर करवत. तळमजल्याचं तर बघवेना.

"खाली येता येता बिघडत कसं गेलं?" प्रणिता चक्रावली.

मला कळलं होतं. मी वरून खाली काम करतो. वरची दोन दारं दिवाळीच्या आधीची. मग बांधकाम रखडलं, एकेक दार महिन्या-दोन महिन्यांनी बसलं, आणि तळमजला बकरी ईदनंतर. माझा हात कसकसा गेला, ते त्या मोबाईलवर मजल्यामजल्याने मांडलं होतं. इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघता येईना.

मी तळहात तिच्यापुढे धरला. "पेन टोचा."

तिने हळूच टोचलं. "लागतंय?"

"नाय. जोरात टोचलंत तरी नाय. वर्ष होत आलं."

तिने पेनला टोपण लावलं. मग मोबाईलवरचा फॉर्म उघडून म्हणाली, "कारण विचारलंय. धूळ लिहू का?"

"धूळ नव्हती. जे हाय ते लिवा. दारं बसवणारा शरीफ, त्येचा हात बधिर. शेठला मी सांगतो."

मग आम्ही कामाला लागलो. मी पाना फिरवायचो, ती कागद धरायची. "अडकतोय. अजून अडकतोय. हां, सुटला!" चार मजले असेच केले. दुपार सरली.

वरून आपाची हाक आली, "झाली का रे चालू?"

"ये गो आपा, ये!"

ती लिफ्टने खाली आली, भिंतीला धरून बाहेर पडली, माझ्या शेजारी उभी राहिली. दार मिटायला लागलं तसा मी सवयीने तळहात पत्र्यावर ठेवला आणि त्याच्याबरोबर चाललो. हाताला काहीच लागलं नाही. चांगलं दार असंच लागायचं, काहीच नाही. पण आता सगळीच दारं तशी.

"कसं हाय रे?" आपाने विचारलं.

मी हात खाली घेतला आणि प्रणिताकडे बघितलं.

"मॅडम, तुमी सांगा हिला."