पाळकसाहेबांची कमर आणि मी

मी एक जुनी चटई आहे. पण मित्रांनो, माझ्यावर बसायचा विचार करू नका. मी अंथरायची नव्हे, कमरेला गुंडाळायची चटई आहे. आमच्या टोंगाच्या बेटांवर सभ्य माणूस लुंगी नेसतो, तिच्यावर मला गुंडाळतो, वरून काथ्याच्या दोरीने आवळतो आणि मगच चर्चची पायरी चढतो. मला ताओवाला म्हणतात. मी नसले तर माणूस कितीही कपड्यांत असला तरी लोक त्याला उघडाच समजतात. हे मी मोठेपणा मिरवायला सांगत नाही. म्हणजे, थोडं त्यासाठीच सांगते आहे.

माझा जन्म केवड्याच्या पानांतून झाला. पाळक फेलेटी यांच्या आईने पानांचे काटे काढले, ती उकळली, दगडांखाली दाबून समुद्रात ठेवली, उन्हात पांढरी केली आणि गावातल्या बायकांबरोबर बसून मला विणली. विणता विणता त्या बायकांनी अख्ख्या बेटाची उणीदुणी काढली. त्यातलं बरंच माझ्या विणीत अडकलं असावं, कारण दुसऱ्याचं चांगलं न बघवणं हा माझा जन्मजात स्वभाव आहे. आईने मला चांगली लांबरुंद केली होती. मुलगा पाळक होणार, म्हणजे पुढे सुटणार, असा तिचा हिशेब. तो चुकला नाही. पाळक दारात आला की डुक्कर भाजायचं अशी आमच्याकडे रीत आहे.

फेलेटींच्या पहिल्या उपदेशाला मी होते. त्यांचे पाय लटपटत होते, ते लोकांना दिसले नाहीत ते माझ्यामुळे. लग्नातही मीच होते. त्या दिवशी त्यांचा हात पिसिलाबाईंच्या हाती गेला, पण कमर माझ्याच ताब्यात राहिली. आम्हा दोघींमध्ये ही वाटणी पुढे कित्येक वर्षं चालली. बाई मला उन्हात घालत, खोबरेल लावत, गुंडाळून पेटीत ठेवत. सगळं करत, पण त्यांचा हात जरा कोरडाच असे, असं मला वाटतं. माझा रंग हळूहळू मधासारखा झाला. म्हातारी माणसं मला हात लावून म्हणत, "अशी वीण आता होत नाही." मी ते पुन्हा पुन्हा ऐकून घेई.

मग ऑकलंडहून ती आली.

पाळकांच्या लेकीने पाठवलेली नवी चटई. दुधासारखी पांढरी, झालर लावलेली, आणि काठाला चमकणारे मणी. पिसिलाबाईंनी ती पाळकांच्या पोटाला लावून पाहिली.

"अहो, बघा तरी. दहा वर्षांनी लहान दिसता."

"पोट तेवढंच दिसतंय," पाळक म्हणाले.

"त्या जुनीची कड बघा. लोक म्हणतील, पाळकांच्या घरात उंदीर झालेत."

"आईची आहे ती."

"मग मी कुठं फेकते आहे? बेटांवर हिंडताना बोटीत पाणी उडतं, नवीला वरून गुंडाळायला होईल. परत आलो की पेनीला देऊन टाकू, इंजिनावर झाकायला."

पेनी म्हणजे आमचा बोटवाला. त्याचं इंजिन मी पाहिलं होतं. ते दिवसभर काळं तेल ओकतं.

पिसिलाबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. प्रवासाचा आठवडा तोंडावर आला होता, घर आवरायला काढलं होतं, त्या भरात पेटीतल्या जुन्या, विरलेल्या, फाटक्या चटया त्यांनी शेजारच्या कोंबड्यांखाली देऊन टाकल्या. पाळकाच्या घरात फाटकं शोभत नाही, म्हणाल्या. मी तेवढी वाचले, ती सवतीचं पांघरूण म्हणून.

तर मित्रांनो, सवतीला पोटाशी धरून मी समुद्रावर निघाले.

पाळक आणि पिसिलाबाई, दोघे सत्तरी ओलांडलेले. चर्चच्या मंडळीने त्यांना एकदा समारंभपूर्वक निवृत्त केलं होतं. पण बेटाबेटांवर हिंडायच्या या आठवड्याला तरुण पाळकांना नेमकी बोट लागते, म्हणून त्यांना निवृत्तीतून परत बोलावलं होतं. सोमवारी हाआनो बेटावर चर्चच्या नव्या छपराला आशीर्वाद. तिथे गायकांच्या दोन गटांत कोणी पहिलं गायचं यावरून बोलणं बंद होतं. पाळकांनी दोघांना एकदम गायला लावलं, आणि ते ऐकून लोकांनी समेट घडवून आणला. सगळीकडे जेवण, सगळीकडे भाषण, आणि सगळीकडे नवीचं कौतुक. "साहेब, काय सुंदर आहे हो." "ऑकलंडची का?" मी दाराशी घडी घालून पडलेली. एका गावात तर एक मांजर येऊन माझ्यावर झोपलं, आणि खरं सांगते, सबंध दिवसात मला कोणी दिलेला तो एवढाच मान होता.

मंगळवारी उइहा बेटावर पाळक आत्याकडे गेले. आत्याचं नाव तोआकासे. आमच्याकडे आत्यापेक्षा मोठं माणूस घरात नसतं. भावाच्या मुलांनी तिच्या ताटातलं खायचं नाही, तिच्यापुढे मान वर करायची नाही. अख्ख्या मंडळीला उठवणारा-बसवणारा हा माणूस तिच्या उंबऱ्याशीच खाली बसला.

"कोण, फेलेटी?" आत्या अंथरुणावरून म्हणाली.

"होय, आत्या."

"कमरेला काय बांधलंयस हे? नाताळचं झाड?"

"लेकीने पाठवली, ऑकलंडहून."

"आणि आईची कुठं गेली?"

"दाराशी आहे."

"दाराशी काय करते? राखण?"

पिसिलाबाईंनी घसा साफ केला. मित्रांनो, त्या म्हातारीवर माझा तेव्हापासून जीव जडला. नवी मात्र मणी चमकवत बसली होती. तिला काही कळलंच नाही. देखण्यांना बऱ्याचदा कळत नाही.

बुधवारी लग्न, गुरुवारी नामकरण. शुक्रवारी सकाळी आम्ही नोमुकाच्या किनाऱ्यावर होतो. पेनी फोन कानाला लावून पाण्यातून चालत आला. एरवी तो लांबूनच ओरडायचा.

"साहेब, उइहाहून फोन आहे. आत्या गेल्या."

पाळक वाळूत उभे राहिले. मग म्हणाले, "उद्याच पुरतील. रविवारी कोणी फावडं धरणार नाही. चल."

बोट सुटली, आणि बऱ्याच वेळाने पिसिलाबाईंनी तोंडावर हात ठेवला.

आमच्या सुतकाची रीत सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. मेलेल्या माणसापेक्षा जे नात्याने वरचे, ते चांगली चटई नेसतात. जे खालचे, ते फाटकी नेसतात, आणि जितके खालचे तितकी जास्त फाटकी. आत्यापुढे भाचा अगदी तळाला, आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही. मण्यांची चटई नेसून आत्याच्या मयताला जाणं म्हणजे, बाई, मी तुझ्यापेक्षा थोर, असं तिला शेवटचं सांगून येणं.

"अहो," पिसिलाबाई म्हणाल्या, "फाटकं सगळं मीच दिलं. कोंबड्यांना."

पाळकांनी कमरेकडे पाहिलं, मण्यांवर गुंडाळलेल्या माझ्याकडे. माझ्या आत आनंद मावत नव्हता. एका घरात माणूस गेलं होतं आणि मला आनंद होत होता. पण तुम्हाला कोणी कधी सवतीभोवती गुंडाळलं असेल, तर तुम्ही मला समजून घ्याल.

उइहाला उतरल्यावर बाई दारोदार फिरल्या. शेवटच्या घरची बाई हात जोडून म्हणाली, "एकसुद्धा नाही हो, पाळकीणबाई. निम्मं गाव तिच्या भावांच्या पोरांचं. फाटक्या होत्या तेवढ्या सगळ्या कमरेवर चढल्या. चांगल्या हव्यात का? पेटीभर पडल्यात."

परत आल्या तेव्हा पाळकांनी मला उलगडून ठेवलं होतं. नवी बाजूला, एका पोत्याखाली. मी डोळे मिटून वाट पाहत होते.

"ही तू नेस," पाळक म्हणाले. "मी बाहेरच थांबतो."

"भाचा बाहेर आणि सून आत? आत्या उठून बसेल." बाईंनी कोणाच्या तरी चुलीजवळची सुरी आणली होती. "धरा इकडून."

"पिसिला, आईची आहे."

"म्हणूनच तर दोघांना पुरेल."

पाळकांनी मला धरलं. कापताना बघवेना म्हणून त्यांनी मान वळवली. बाईंनी मात्र नाही, पण प्रत्येक फटक्याला त्या पुटपुटत होत्या, "माफ करा हं, सासूबाई." ज्या बाईशी मी जन्मभर एका कमरेवरून झुंजले, तिच्याच कमरेला माझं अर्धं अंग गेलं. उरलेलं अर्धं, म्हणजे तुमच्याशी बोलणारी मी, पाळकांकडे.

अंगणात पंच धावत आले. "साहेब, पुढं या. खुर्ची ठेवलीय."

"आज साहेब नाही. भाचा आहे," पाळक म्हणाले. "लाकडं कुठं आहेत?"

प्रार्थना एका तरुण पाळकाने सांगितली. आम्ही मागे, भट्टीच्या धुरात; मयताचा स्वयंपाक खालच्या नात्याच्यांनीच करायचा असतो. तिथला एक म्हातारा चुलतभाऊ अळकुड्या सोलत होता. "ये फेलेटी. सोलता येतं का अजून, की नुसता आशीर्वाद देतोस?"

"सुरी दे," पाळक म्हणाले.

ते सोलत होते आणि रडत होते. धूर डोळ्यांत जातो असं त्यांनी दोनदा सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. डोळे पुसायला त्यांनी मला उचललं, तेव्हा मला पहिल्यांदाच कळलं की मी जिंकले ते एका मरणाच्या जोरावर. मी ओली झाले, आणि थोडा वेळ मी कोणाचाही हेवा केला नाही. फार वेळ नाही, पण केला नाही.

रविवार बेटावरच गेला. सोमवारी आम्ही घरी निघालो. सुतक बरेच महिने चालतं, तोवर मी कमरेवर, इंजिनाची गोष्ट कोणी काढली नाही. नवी पोत्याखाली होती, तिच्यावर पाणी उडत होतं, आणि माझं तिच्याकडे लक्षही नव्हतं. लक्ष होतं समोर. बाईंच्या कमरेला माझं दुसरं अर्धं बसलं होतं, आणि आईने घातलेली चांगली गाठीची कड त्याच्याकडे गेली होती. माझ्याकडे कापलेली बाजू. विणीच्या पट्ट्या एकेक करून सुटत होत्या. पाळक ती बाजू मुठीत धरून बसले होते.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. जुन्या वस्तूंना केवळ दुःखात बाहेर काढू नका. एखाद्या लग्नालाही न्या, आम्हाला जेवणाचा वास आवडतो. आणि कधी एकीच्या दोघी कराव्याच लागल्या, तर दोघींचे काठ एकाच बैठकीत शिवा. अर्ध्यालाही अर्ध्याचा मत्सर वाटतो.

पिसिलाबाईंनी पिशवीतून सुई काढली, नवऱ्याच्या मुठीकडे पाहिलं.

"सोडा हात. आधी तुमची शिवते."

त्यांनी माझी कड मांडीवर ओढली आणि टाका घातला. हात मुळीच कोरडा नव्हता. माझं दुसरं अर्धं त्यांच्याच कमरेवरून हे सगळं बघत होतं. त्याला हेवा वाटला असावा. वाटावाच, अशी माझी मनापासून इच्छा आहे.