दाराबाहेरचे बूट

मोटरहोम शुक्रवारी सकाळी आठ वाजता आली आणि वेस्ट विंडसरच्या त्या गल्लीतल्या तीन घरांचं ऊन तिने अडवलं. आत पलंग, चूल, संडास सगळं असलेली, एकोणतीस फूट लांब, बारा वर्षं जुनी, दोन्ही बाजूंना तपकिरी पट्टे. विकणारा डेल ती पेनसिल्व्हेनियाहून स्वतः चालवत घेऊन आला होता. त्याची बायको मागून पिकअपमधून आली, कारण डेलला परत न्यायला कुणीतरी हवं होतं.

डेलने दोन तास खर्च करून मोरेश्वररावांना गाडी समजावून दिली. गॅसची टाकी कुठे, विजेची केबल कुठे, रात्री हीटर वाजायला लागला तर कुठे बुक्की मारायची. मग तो गाडीच्या पोटाशी वाकला.

"ही स्वच्छ पाण्याची टाकी. ही भांड्याकुंड्यांच्या पाण्याची. आणि ही तिसरी..." डेल जरा थांबला. "ही तिसरी तू समजून घे."

मोरेश्वररावांनी समजून घेतली. त्यांची सदतीस वर्षं पंप बनवणाऱ्या कारखान्यात गेली होती. त्यांनी वाकून नळाच्या जोडाला बोट लावलं आणि सांगितलं, "इथला वॉशर गेलाय."

"ती नुसती दमट हवा आहे."

"वॉशर गेलाय."

"दोन वर्षं मीही हेच सांगतेय," डेलची बायको पिकअपमधून म्हणाली.

डेलला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. मोरेश्वरराव आत जायचं झालं की दरवेळी खाली बूट काढायचे आणि बाहेर यायचं झालं की वाकून पुन्हा घालायचे. असं सातआठ वेळा झाल्यावर डेलला राहवेना.

"अरे, ही गाडी आहे."

"घर आहे," मोरेश्वरराव म्हणाले.

डेल बायकोकडे वळला. "बघ! बारा वर्षांत तू मला एकदा तरी बूट काढायला सांगितलंस?"

"रोज सांगितलं," ती म्हणाली, आणि तिने पिकअप सुरू केली.

मोटरहोम घ्यायची कल्पना वसुधाची, म्हणजे मोरेश्वररावांच्या बायकोची, नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वसुधाला कॅम्पिंगचा तिटकारा होता. कुणी तंबूचं नाव काढलं की ती म्हणायची, "लहानपणी बादल्यांनी पाणी भरलंय मी. आता जंगलात जाऊन हौसेने भरू?" ती गेली त्याला चौदा महिने झाले होते. पेन्शन बरी होती, घर ऐसपैस होतं, पण त्या घरातल्या प्रत्येक खोलीत मोरेश्वरराव कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखे बसायचे. मोटरहोममध्ये वसुधाने कधी पाऊल टाकलं नसतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तिथे ती कधी नव्हतीच, म्हणजे ती तिथे नाही असंही वाटायचं कारण नव्हतं. म्हणून घर विकायचं आणि गाडीत राहायचं, एवढा साधा हिशोब होता.

सावनीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, हा हिशोब पटला नाही. ती पिस्कॅटवेला राहते. तिने बेसमेंटमध्ये बाबांसाठी पलंग टाकला होता, टीव्ही लावला होता, तिथे वेगळी बाथरूमही होती. बापलेकीची पंधरा दिवस वादावादी झाली आणि शेवटी तह झाला. पहिला आठवडा बाबांनी तासाभरावरच्या तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवर काढायचा. जमलं तर पुढे जिकडे जायचं तिकडे जा. नाही जमलं तर गाडी विकायची आणि मुकाट्याने बेसमेंटमध्ये यायचं.

"आणि बाबा, मी पहिल्याच दिवशी बघायला येणार. सहा वाजता. उरलेले दोन बॉक्स मी आणते."

"ये की. चहा देतो."

"चहा नको, लाइट चालू दिसू दे."

दुपारपर्यंत सामान चढवून झालं. कढया आणि तवे ओव्हनमध्ये गेले, कारण ओव्हनचा दुसरा उपयोग मोरेश्वररावांना आजवर कुणी दाखवला नव्हता. डाळतांदूळ, कुकर, कपडे, औषधं. आणि पलंगावरच्या एका अख्ख्या कपाटात फक्त वसुधाचे जांभळे क्रॉक्स, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ती मागच्या अंगणात अळूच्या वाफ्यात जाताना ते घालायची. शेवटचे घातले तेव्हाची माती अजून तळव्यांना चिकटलेली होती. घर रिकामं करताना सावनीने विचारलं होतं, "बाबा, हे डोनेशनच्या बॅगेत टाकू?" मोरेश्वररावांनी ‘नाही’ म्हणत ते तिच्या हातातून काढून घेतले होते. तिनेही पुढे विषय काढला नाही.

दीड वाजता वकिलांचा फोन आला. सह्या झाल्या होत्या, घर आता परीक्षित आणि कादंबरीचं. दोघं आयटीतली, मूळ नागपूरची, तिशीच्या आसपासची. किल्ली घ्यायला आली ती पेढे घेऊनच.

"काका, मागे अळू तुम्ही लावलाय?" कादंबरीने विचारलं.

"बायकोने. थंडीआधी कंद काढून आत ठेवा, नाहीतर मरतात."

"वड्या करू आम्ही."

"तो वडीचा नाही. भाजीचा आहे. वड्या कराल तर घसा धरेल."

किल्ली दिली. परीक्षित म्हणाला, "काका, केव्हाही या, घर तुमचंच आहे," आणि मोरेश्वरराव म्हणाले, "नाही, आता तुमचं. सिंकच्या खालचा नळ जोरात पिळू नका." एवढं बोलून ते गाडीत चढले. दार लावलं, इंजिन सुरू केलं, बाहेरची पायरी खट् करून आपोआप आत गेली, आणि गाडी निघाली.

पहिली दहा मिनिटं त्यांचे खांदे कानापर्यंत चढले होते. मग उतरले. हायवेच्या उजव्या लेनमध्ये पन्नासच्या वेगाने गाडी जात होती आणि मागे ओव्हनमध्ये कढया वाजत होत्या. ट्रकवाले हॉर्न मारून पुढे जायचे. मोरेश्वरराव एकेकाला हात करायचे. आज ब्रेक पायाला किती छान समजतोय, असंही त्यांना वाटून गेलं. जुनी गाडी असून पेडल अगदी मऊ.

कॅम्पग्राउंडच्या फाटकावरच्या बाईने खिडकीतूनच पावती आणि नकाशा दिला. जागा क्रमांक चौदा. इकडे रात्री पाऊस पडून गेल्यामुळे खाली खडी आणि चिखल यांचा काला झाला होता. तीन वेळा पुढेमागे करून गाडी लावली. इंजिन बंद केलं. दार उघडलं, पायरी बाहेर आली, मोरेश्वररावांनी एक पाय खाली सोडून बूट चाचपला.

बूट नव्हता. दुसऱ्या पायाने चाचपला. तोही नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला.

"काका, कादंबरी बोलतेय. तुमचे बूट आमच्या ड्राइव्हवेवर राहिलेत का हो?"

"राहिलेत."

"अय्या! आम्ही हातच लावला नाही. इतके नीट जोडीने ठेवलेले, परीक्षित म्हणाला घर सोडताना करायचा काही विधी असेल तुमच्याकडे."

"विधी कसला, सवय! घरात शिरताना काढले."

पलीकडे आधी तिने हसू दाबलं, मग परीक्षितचं मोठं हसू ऐकू आलं. मोरेश्वररावांनाही हसू फुटलं. बूट गॅरेजमध्ये ठेवायला सांगून त्यांनी फोन ठेवला, आणि मग त्यांचं हसू मावळलं. बाकीच्या चपला, स्लीपर सगळं सावनी आणणार असलेल्या बॉक्समध्ये. सव्वाचार वाजले होते. पाणी, वीज, सांडपाण्याचा पाइप, तिन्ही जोडायचं बाकी. सहाला सावनी येऊन बघणार काय, तर बाप मोज्यांवर, दिवा नाही, पाणी नाही. तेवढ्यावर पोरगी गाडी विकायला काढेल.

ते मोज्यांवर तीन पावलं गेले. खडी टोचत होती आणि चिखल गार होता. परत आले. पायांना कॅरीबॅगा बांधून बघितल्या, एक पहिल्याच पायरीवर फाटली. मग ते पलंगाशी बसले आणि वरच्या कपाटाकडे बघत राहिले. बराच वेळ नाही. चारपाच मिनिटं.

"वसुधा, दोन मिनिटांसाठी घेतो," ते मोठ्याने म्हणाले आणि कपाट उघडलं.

क्रॉक्स आखूड होते. टाच मागे दोन बोटं बाहेर राहिली. पण खाली उतरल्यावर खडी टोचेना.

वीज लगेच जोडली गेली. पाण्याने मात्र घात केला. तोच जोड, तोच वॉशर. नळ सोडल्याबरोबर पाण्याचा फवारा सरळ त्यांच्या पोटावर आला. नळाकडे धावताना उजवा पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतला आणि क्रॉक आतच राहिला. तो उपसून काढला, घातला, नळ बंद केला. हत्यारांच्या डब्यात त्यांच्याकडे नऊ मापांचे वॉशर होते. कारखान्यातून रिटायर होताना लोक घड्याळ घेतात, यांनी वॉशर मागून घेतले होते. एक बसवला, जोड आवळला, पुन्हा नळ सोडला. एक थेंब गळेना.

शेजारच्या जागेतली बाई कुत्रा घेऊन चालली होती. साठीची असेल, जाडजूड, डोक्याला रुमाल. ती थांबली.

"बूट छान आहेत," ती म्हणाली.

"बायकोचे आहेत."

"घालू देते ती?"

"विचारता आलं नाही. ती वारली."

कुत्र्याने क्रॉक्स हुंगले. मग ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा रेनकोट मी सहा वर्षं घालतेय. बाह्या एवढ्या लांब आहेत. पण पाऊस लागत नाही." आणि हात दाखवून ती कुत्र्यामागे गेली.

सांडपाण्याचा पाइपही झाला. पायांचा चिखल काढायला मोरेश्वररावांनी पाइपचं पाणी पायांवर सोडलं, आणि पाणी पडायला लागल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पटकन क्रॉक काढून उलटा केला. तळव्याच्या खाचा स्वच्छ होत्या. दुसराही तसाच. अळूच्या वाफ्यातली माती गेली होती. इथला चिखल कुठला आणि तिथली माती कुठली, काही वेगळं करता येण्यासारखं नव्हतं. ते क्रॉक हातात घेऊन एका पायावर उभे राहिले. मग दुसरा पाय दुखायला लागला म्हणून तो क्रॉक पुन्हा घातला.

सावनी पावणेसहालाच आली. बाबा दाराबाहेर उभे, वर दिवा चालू, आत चहा उकळतोय. तिने बॉक्स खाली ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं. मग तिची नजर खाली गेली.

"बाबा, ते आईचे..."

"माझे बूट घरी राहिले. म्हणजे त्यांच्या घरी. परीक्षितच्या."

"धुतलेस?"

"धुतले गेले."

सावनी पायरीवर बसली. तिने वाकून त्यांचा एक पाय उचलायला लावला, घोड्याचा खूर बघतात तसा तळवा बघितला, आणि सोडून दिला.

"मी बॅगेत टाकू का विचारलं ना, तू नाही म्हणालास तेव्हा मला बरं वाटलं होतं."

"मग विचारलंस कशाला?"

"मला वाटलं तू सोडायला हवंस. मला नको होतं सोडायला."

"हे मला सांगायचंस की."

"तू तरी कुठे काही सांगतोस!" ती नाक पुसत म्हणाली. "चौदा महिने नुसतं ‘जेवलो, झोपलो’."

मोरेश्वरराव तिच्या शेजारी बसले. पायरी दोघांच्या वजनाने करकरली. "आता आई असती तर पहिलं काय म्हणाली असती?"

सावनीने त्यांच्या टाचांकडे बघितलं. "‘ताणून ठेवलेत माझे! आता कुणाला बसणार आहेत?’"

"आणि?"

"‘आणि हे काय ध्यान दिसतंय, लोक बघतायत!’" आवाज अगदी वसुधाचा होता. दोघं इतकं हसले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

मग ती आत गेली आणि तिने तपासणी केली. नळ सोडून बघितला, फ्लश ओढून बघितला, ओव्हन उघडून कढया बघितल्या आणि बंद केला. पलंगावर बसून उसळून बघितलं. कुठेही बोट ठेवायला जागा मिळेना, तेव्हा चहा प्यायली.

"अनिका म्हणून एक मुलगी बेसमेंट भाड्याने मागतेय," ती कपाकडे बघत म्हणाली. "युनिव्हर्सिटीत शिकते, जानेवारीपासून हवंय तिला. मी तिला आठवडा थांब म्हटलंय."

"थांबवू नकोस. दे तिला."

"बाबा, अजून एक रात्रही झाली नाही. नक्की?"

मोरेश्वररावांनी खरंच विचार केला. खालची टाकी, हीटरला मारायची बुक्की, हिवाळा आणि आपलं एकाहत्तर वय, सगळ्याचा. "भीती वाटतेय," ते म्हणाले. "पण दे. तिला सांग, खालच्या बाथरूमचा फ्लश दाबून धरावा लागतो. मी दुरुस्त करणार होतो."

"मग कर येऊन."

"येईन. हीच घेऊन येईन. तुझ्या ड्राइव्हवेत मावेल?"

"मुळीच नाही."

"मग रस्त्यावर लावीन."

"शेजारी बोंबलतील, बाबा!"

"त्यांनाही चहा देईन."

सावनीने तिथेच बसून अनिकाला मेसेज केला आणि फोन उलटा ठेवला. मग तिने विचारलं, पुढच्या शुक्रवारी कुठे जाणार. मोरेश्वररावांनी नकाशा काढून टेबलावर पसरला, चष्मा शोधला, आणि दोघं त्यावर वाकून दक्षिणेकडचे रस्ते बघू लागले. कारण थंडी येत होती, आणि उत्तरेला जायला कुणी सांगितलंय?