ताईची पट्टी आणि माझ्या ढिल्या तारा

भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली मी एक जुनी गिटार आहे, मित्रांनो. इलेक्ट्रिक आहे, हे आधीच सांगते, कारण वायर जोडल्याशिवाय माझं बोलणं शेजारच्या खोलीतही पोचत नाही. आज मात्र तुम्ही जवळ बसला आहात, तर ऐका.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लाकडाच्या एका जाड फळीतून माझं अंग कापलं, दुसरीतून मान. मानेवर धातूच्या बारीक आडव्या काड्या, म्हणजे पडदे, बसवले आणि मग मला गडद लाल रंग दिला. त्या रंगाचा मला फार तोरा होता. आता हात टेकतो तिथला रंग उडालाय, तोरा तेवढाच आहे.

मला घरी आणलं ताईनं, पण स्वतःसाठी नाही. ताई गायची. मी होते तिच्या धाकट्या बहिणीसाठी. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. दोघी मिळून हॉटेलांच्या हॉलमध्ये, समारंभांत कार्यक्रम करायच्या. दुसरं वाद्य नाही. ताई धाकटीच्या बोटांकडे बघायची, माझ्याकडून सूर घ्यायची आणि असा उंच आवाज लावायची, की जेवणाऱ्यांचे चमचे हवेतच थांबायचे. टाळ्या पडल्या की मला वाटायचं, त्यातल्या निम्म्या तरी माझ्याच आहेत.

पुढे ताईला खोकल्याचं मोठं दुखणं आलं. ती बरी झाली, पण वरचा सूर काही परत येईना. एका समारंभात तो भर गाण्यात फाटला. ताई हॉलमागच्या पॅसेजमध्ये खुर्चीवर बसून राहिली आणि म्हणाली, आता मला गाता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ताई सरावाला यायच्या आधी धाकटीनं माझ्या तारा ताणायच्या सगळ्या खुंट्या थोड्याथोड्या सैल केल्या. बोटं नेहमीच्याच जागी, पण पट्टी अर्ध्या सुरानं खाली. ताई आली, गायली आणि सूर सहज लागला. तिचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! ती सगळ्यांना सांगत सुटली, माझा आवाज परत आला. धाकटीनं तोंडात मिठाची गुळणी धरली. मीही गप्प बसले. मला कोण विचारतंय म्हणा!

पण आवाज आणखी उतरत गेला आणि माझ्या खुंट्याही. मित्रांनो, तार सैल झाली की तिच्यात जीव राहत नाही. जाडी तार पडद्यांवर खरखर करू लागली. जोरात छेडली की तिचा सूर आधी चढायचा, मग डुलत खाली यायचा. धाकटीनं जाड तारा घालून पाहिल्या. माझी मान दुखून आली, पण त्या पट्टीत माझा सूर काही घट्ट उभा राहिला नाही. कुरकुर करायची सवय आहे मला, तरी यात खोटं काही नाही.

मग एक दिवस धाकटी मला घेऊन वाद्यांच्या दुकानात गेली. तिथं मी पहिल्यांदा मल्टी-स्केल गिटार पाहिली. तिचे पडदे सरळ नव्हते, पंख्याच्या काड्यांसारखे तिरके पसरलेले. जाडी तार लांब, बारीक तार आखूड. तार लांब असली की खालच्या पट्टीतही ताणलेली राहते, असं दुकानदारानं समजावलं. मी मनातल्या मनात नाक मुरडलं. कसली ही तिरकी, म्हटलं. पण धाकटीनं ती छेडली आणि खालचा सूर असा खणखणीत आला, की माझी बोलतीच बंद झाली.

तरी धाकटी रिकाम्या हातांनी परतली. पुन्हा गेली, पुन्हा परतली. गिटार तिला आवडली होती. पण ताई विचारणारच, ही कशाला? आणि खालच्या पट्टीसाठी, असं म्हटलं की सगळंच उघडं पडणार. घ्यावी की न घ्यावी, या विचारात ती सारखी माझ्या खुंट्या पिळत बसायची.

त्यातच एका कार्यक्रमात माझी जाडी तार डुलली आणि तिच्या मागोमाग ताईचा सूरही घसरला. गाणं पार विसकटलं. घरी आल्यावर ताई शांतपणे म्हणाली, "माझाच सूर हलतोय. आता पुरे. पुढच्या कार्यक्रमांना नाही सांगून टाक."

मित्रांनो, चूक माझी होती आणि शिक्षा ताई भोगत होती. मी ओरडून सांगितलं असतं, पण माझी वायर कोपऱ्यात गुंडाळून पडली होती.

धाकटीनं मनाचा हिय्या केला.

"सूर तुझा नाही हलला, गिटारचा हलला. ताई, मी किती दिवस तुझी पट्टी उतरवतेय. तुला न सांगता. खालच्या पट्टीसाठी दुकानात तिरक्या पडद्यांची गिटारही बघून आले."

ताई एवढंच म्हणाली, "म्हणजे आवाज परत आलाच नव्हता." आणि आत निघून गेली. कितीतरी दिवस दोघींत कामापुरतंच बोलणं झालं. मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं, भिंतीवरून पडले तेव्हाही नाही.

मग एका सकाळी ताईनं स्वतः मला खाली काढलं. धाकटीला हाक मारली आणि आधीच्या पट्टीत लावायला सांगितलं. ती गायली. आवाज पोचला नाही. पुन्हा गायली, पुन्हा नाही. तिचे डोळे भरून आले. ते पुसून ती म्हणाली, "आता खाली आण. मी थांब म्हणेन तोवर आण."

धाकटीनं चोरून उतरवली होती त्याच्याही खाली मी गेले. माझ्या तारा कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबू लागल्या. आणि तिथं ताईचा आवाज उघडला. भरदार, गडद, कुठंही ओढाताण नसलेला. असा आवाज तिच्यात आहे, हे आम्हा तिघींनाही ठाऊक नव्हतं. ताई माझ्या तारांची फडफड ऐकून हसायला लागली.

"या पट्टीत मी बसते," ती म्हणाली, "पण हिला इथं बसवत नाही. चल, ती तिरकी बघून येऊ."

ती तिरकी आता कार्यक्रमांना जाते. तिला तिची लांब मान लखलाभ असो. मला धाकटीनं बारीक तारा घालून पुन्हा माझ्या मूळ पट्टीत लावलंय आणि घरी एकटीच्या सरावाला ती मलाच घेते. तेवढं मला पुरतं.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वाद्यावरची धूळ पुसत जा, त्याला ओल लागू देऊ नका आणि सोसणार नाही असं काम त्याच्याकडून करून घेऊ नका. आपल्या माणसांना जपतानाही त्यांच्यापासून काही चोरून ठेवू नका. आता कार्यक्रमाला निघताना ताई दारातच थांबते आणि विचारते, "आज कुठल्या पट्टीत लावलीस?" धाकटी खरं ते सांगते आणि मग दोघी जिना उतरतात.