सगळ्यात जास्त उजेड

बापाला आपलं म्हणणं पटावं म्हणून ती चार वर्षं धडपडत होती आणि नेमकं पटलं तेव्हाच घात झाला. नशीब कधी कधी अशी थट्टा करतं की हसावं की रडावं कळत नाही.

वडील छापखान्यात मशीनवर होते. माणूस वाईट नव्हता, पण एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकणार नाही, अशातला. पोरीने आर्किटेक्चरला प्रवेश घेतला तेव्हा त्यांनी सरळ विचारलं होतं की घर पाडायला मजूर लागतात, बांधायला गवंडी लागतो, मधे तू कशाला? पुढे तिला माती, चुना, बांबू, जुन्या विटा असल्या गोष्टींचं वेड लागलं, मग तर विचारूच नका. ती जेवायला आली की "या पर्यावरणबाई" आणि पंखा चालू राहिला की "तुमची पृथ्वी तापतेय बरं का." ती वरवर दुर्लक्ष करायची, पण आतून जळायची. या माणसाने एकदा, फक्त एकदा, आपलं काम नीट बसून बघावं एवढंच तिला हवं होतं. कॉलेजातल्या सगळ्या शाबासक्या तिने त्या एका बघण्यावरून ओवाळून टाकल्या असत्या.

आई या भांडणात नसायची. ती स्वयंपाकघरात असायची. पोरगी मदतीला आत आलीच तर दोन्ही खांदे धरून तिला बाहेर काढायची. "ड्रॉइंग कोण करणार, मी?" म्हणायची. शिकण्यावर भाषण नाही, उपदेश नाही, नुसतं बाहेर काढायची. त्यामुळे पोरीची चार वर्षं पुढच्या खोलीत टेबलाशी गेली आणि त्याबद्दल ती आईची मनापासून ऋणी होती.

घर एका रांगेत होतं. एकाला एक चिकटलेली बैठी घरं, दोन घरांमध्ये भिंत एकच. पुढे रस्त्यावरची खोली, मागे न्हाणीघर आणि हातभर अंगण, मधे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या डोक्यावर पाण्याची भली मोठी टाकी. शेवटच्या वर्षी एका बिल्डरने सगळी रांग पाडून उंच इमारत बांधायची आणि प्रत्येकाला वर एकेक फ्लॅट द्यायचा, असा प्रस्ताव आणला. अट एकच होती की सगळ्यांनी हो म्हटलं पाहिजे. एकजण जरी अडला तरी तो समोरची रांग घेणार होता. वडिलांचं तळ्यात मळ्यात चाललं होतं.

पोरीच्या तर हातात आयता विषय पडला. रांग न पाडता तीच घरं राहण्याजोगी कशी करायची, हा तिने शेवटचा प्रोजेक्ट घेतला. नवीन हिरवी इमारत कुणीही काढेल, पण उभं आहे ते पाडायचंच नाही, यापरतं पर्यावरण कुठलं, असं ती वर्गात तावातावाने मांडायची. तिने आपलंच घर नमुन्याला घेतलं, टेप लावून भिंत न् भिंत मोजली आणि कॉलेजातून उजेड मोजायचं यंत्र आणून खोल्या-खोल्यांतून फिरली. स्वयंपाकघराच्या दारात आली तेव्हा आई पोळ्या लाटत होती. लेकीचं काम अडू नये म्हणून ती पोळपाट उचलून भिंतीला लागून उभी राहिली आणि उजेड किती आला ते तिने विचारलं.

"आपल्या घरात सगळ्यात जास्त उजेड तुझ्याकडे आहे, आई."

"हो का?" आई म्हणाली आणि पुन्हा पोळी लाटायला लागली.

आकडे असे आले म्हटल्यावर स्वयंपाकघराला हात लावायचं कारणच उरलं नाही. शिवाय नळ, मोऱ्या, टाकी सगळं तिथेच. पाण्याच्या जागा हलवायच्या नाहीत, हा तर बचतीचा पहिला धडा. तिने पुढच्या खोलीचं छप्पर उघडून वरून ऊन आत घेतलं, मागच्या अंगणात झाड लावलं, वारा पुढून मागे खेळेल अशी झरोक्यांची रांग काढली आणि पुठ्ठ्याचं देखणं मॉडेल केलं.

एका रविवारी सकाळी तिने ते वडिलांपुढे ठेवलं. हा माणूस वाकडे खिळे सरळ करून डब्यात साठवणारा, पार्सलची सुतळीही न फेकणारा. तिने नेमकं तेच धरलं. या भिंतींच्या विटा भाजायला जो कोळसा जळायचा तो कधीच जळून गेलाय, तिने सांगितलं. आता घर पाडलं तर तो पाण्यात, आणि नव्या विटांना, सिमेंटला, सळईला पुन्हा तेवढंच जाळायचं. वडील आधी पेपर बाजूला ठेवून ऐकत होते. मग चष्मा लावून ऐकायला लागले. मग त्यांनी मॉडेलचं छप्पर दोन बोटांनी उचलून आत डोकावून पाहिलं आणि वारा कुठून येणार ते विचारलं. तिने दाखवलं. "म्हणजे पाडणं ही शुद्ध नासाडी आहे," ते म्हणाले, आणि पोरीला आभाळ ठेंगणं झालं.

आई दारात पदराला हात पुसत उभी होती. छान झालंय म्हणाली.

रांगेच्या बैठकीला वडील मॉडेल स्वतः उचलून घेऊन गेले. आमच्या मुलीने केलंय, असं तिथे चारचारदा सांगितलं आणि ठाम नकार देऊन आले. झालं, बिल्डर समोरच्या रांगेत गेला आणि आठवड्याभरात तिकडे कागदपत्रंही होऊन गेली. शेजारच्या काकूंनी या घराशी बोलणं टाकलं. वडिलांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. ते आता येणाऱ्या-जाणाऱ्याला विटा भाजण्याचं गणित सांगत होते आणि पोरगी हवेत होती.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी नकाशे शांतपणे बघितले. खूप आवडलं म्हणाल्या. मग उजेडाच्या तक्त्यावर बोट ठेवून त्यांनी साधाच प्रश्न केला.

"दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती, वर टाकी. मग या स्वयंपाकघरात एवढा उजेड येतो कुठून?"

उत्तर द्यायला ती तक्त्यावर वाकली आणि तिला चूक दिसली. दिवे बंद करून मग उजेड मोजायचा, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. बाकीच्या खोल्यांत तिने बंद केलेही होते. स्वयंपाकघरातला बल्ब मात्र आई उठली की लागायचा आणि आई झोपायला गेली की विझायचा. तो दिवा आहे हेच घरात कुणाच्या लक्षात नसायचं. तिने आईच्या डोक्यावरचा बल्ब मोजला होता आणि तो सूर्य म्हणून कागदावर मांडला होता.

मोजताना काहीतरी चुकलं, एवढंच ती पुटपुटली. एवढी चूक चालते म्हणून तिच्या कॉलेजच्या सरांनी सावरून घेतलं. पहिला नंबरही तिलाच दिला. मैत्रिणी पाठीवर थापा मारत होत्या आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

घरी जाताना बसमध्ये तिने नकाशाच्या पाठीवर स्वयंपाकघर पुन्हा पुन्हा काढून बघितलं. छत उघडावं तर टाकी. भिंत फोडावी तर पलीकडे दुसऱ्याचा संसार. दाराची जाळी करावी तर पुढच्या खोलीतून उष्टा उजेड येणार. तो ओट्यापर्यंतही पोचला नसता. आईला ऊन मिळवून देणारा एकच मार्ग होता. तिथून उठून दुसरीकडे राहायला जाणं. आणि तो तिने स्वतः बंद केला होता.

पायरीवर काकू बसल्या होत्या. इतक्या दिवसांत प्रथमच त्या बोलल्या. निकाल लागला का विचारलं, अभिनंदन केलं, आणि मग राहवेना म्हणून बोलून गेल्या की बिल्डरचा नमुन्याचा फ्लॅट बघायला त्या आणि आई बरोबर गेल्या होत्या, दोनदा. दुसऱ्यांदा तर तुझ्या आईनेच ओढून नेलं, म्हणाल्या. बाकीच्या बायका कपाटं, फरश्या बघत फिरल्या, पण ही बया स्वयंपाकघराच्या खिडकीशी जी उभी राहिली ती हलेना. सकाळचं ऊन ओट्यावर येतं का, म्हणून तिथल्या माणसाला तीनतीनदा विचारून भंडावलं.

आई भाजी चिरत होती. पोरगी बॅग न काढताच आत गेली.

"तुला फ्लॅट हवा होता?"

आईने नाही म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. पण तिला खोटं बोलता यायचं नाही.

"हवा होता," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस गं?"

आईने चिरलेली भाजी ताटलीत लोटली. "त्या दिवशी तुझे बाबा तुझं ऐकत होते. चष्मा लावून. त्यात मी कुठे तोंड घालू?"

पोरीला हुंदका आवरेना. आत्ताच्या आत्ता बाबांना सांगते, माझं मोजमाप चुकलं, सगळाच प्रोजेक्ट चुकला, असं काहीबाही ती बोलत सुटली. आईने सुरी खाली ठेवली. चिडलेली आई तिने क्वचितच पाहिली होती.

"एक अक्षर बोलायचं नाही. ते घर तर गेलं. आता त्यांच्या नजरेतनं तूही उतरलीस, तर मी कशासाठी गप्प बसले?"

तेवढ्यात पुढच्या खोलीत वडिलांच्या चपला वाजल्या. आज ते मशीन दुसऱ्याकडे सोपवून लवकर निघाले होते. निकाल काय लागला म्हणून त्यांनी बाहेरूनच आवाज दिला. पोरीने डोळे पुसले. आईने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"पहिली आले," ती आतूनच म्हणाली.

"ऐकलंस का गं?" वडील आईला उद्देशून ओरडले. त्यांचा आवाज चक्क कापत होता.

"ऐकलं," आई म्हणाली.

ती बाहेर गेली. वडिलांनी हौसेने तिच्यासाठी खुर्ची ओढली, समोर बसले आणि आता पहिल्यापासून सगळं सांग म्हणाले. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं, परीक्षक बाईंचा तो एक प्रश्न सोडून.