शनिवारपर्यंत योग्य

बुधवारी सकाळी साडेदहा वाजता धाकटा सातव्या मजल्यावरून लिफ्टच्या पोकळीत पडला आणि मेला. पण हे कुणी ऐकलंच नाही असं समजू या. तसं काही झालेलं नाही. आज रविवार आहे, भर दुपार आहे, धाकटा जिवंत आहे आणि बाथरूमचं दार आतून लावून बसला आहे.

थोरला बाहेरून स्क्रूड्रायव्हरने कडी सैल करत होता. दोघे भाऊ लिफ्टचे मेकॅनिक. बंद दारं उघडणं हा घरचा धंदाच. थोरल्याची बायको मागे टॉर्च धरून उभी होती.

"भावोजी, काय करताय आत?"

"फरशा मोजतायत मला, वहिनी," आतून आवाज आला. "हलू नको म्हणाल्या."

"आकडा काय येतो ते आम्हालाही कळवा म्हणावं. पण आधी बाहेर या."

दार उघडलं. धाकटा कोपऱ्यात उकिडवा बसला होता. शर्ट घामाने चिंब, बादलीत ओकारी. टॉर्च थेट तोंडावर मारला तरी डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक होईनात; शिवून टाकलेल्या काळ्या बटणांसारख्या तशाच राहिल्या. थोरल्याला बघून त्याने पाय पोटाशी ओढले. सख्ख्या भावाला ओळखायला त्याला दोन तास लागले.

तेवढ्या वेळात वहिनीला त्याच्या जुन्या बुटात एक डबी सापडली. आत वाळून सुरकुतलेली, कानाच्या पाळीएवढी मशरूम.

"भाजीची आहेत का?" थोरल्याने विचारलं. प्रश्न मूर्खपणाचा होता, पण दुसरा सुचला नाही.

"डोक्याची आहेत," धाकटा म्हणाला. आता तो भिंतीला टेकून चहा पीत होता, कप दोन्ही हातांनी धरून. "तीन महिने घेतोय. ओळखीचा एक जण देतो. काही होत नाही रे दादा. नैसर्गिक आहे, मातीतून येतं."

"विंचूपण मातीतूनच येतो," वहिनी म्हणाली आणि डबी संडासात ओतून तिने वरून दोन बादल्या पाणी सोडलं.

तीन महिने. थोरल्याला एकेक आठवू लागलं. धाकटा एकदा पान्याकडे बघून पाव तास हसत बसला होता, तेव्हा घरात सगळे म्हणाले, बरं झालं, पोरगा मोकळा झाला. जेवताना हात थांबवून भिंतीकडे बघत राहायचा, तेव्हा म्हणाले, विचारी झाला. झोपेना झाला, तेव्हा कष्टाळू झाला. काम संपल्यावर लिफ्टला "येतो हं" म्हणू लागला, तेव्हा तर थोरल्याने चारचौघांत सांगितलं होतं, आमच्या धाकट्याला कामाचा जिव्हाळा आहे.

"दवाखान्यात दाखवू या," वहिनी म्हणाली.

"दाखवलं की कागद होईल. कागद झाला की कंपनी त्याला पोकळीजवळ उभं करणार नाही."

"मग बरंच आहे की."

थोरला एकेक स्क्रू फिरवत कडी परत बसवत राहिला.

"दादा, तुझी शपथ. परत हात लावणार नाही," धाकटा म्हणाला.

ही शपथ त्याने पाळली. एवढं लक्षात ठेवावं, कारण पुढे कुणी ठेवणार नाही.

कंपनीत साथीदार-पत्रक असतं. पोकळीत उतरणाऱ्या दोघांनी रोज सकाळी एकमेकांसाठी सही करायची: 'साथीदार शुद्धीत व कामास योग्य आहे.' रोज म्हणजे सोमवारी. सोमवारी सगळे जण शनिवारपर्यंतचे सहाही रकाने भरून मोकळे होत, आणि साहेब खाली एकच शिक्का मारत. मागे एक मेकॅनिक मंगळवारी पाय मोडून घरी पडला होता; पत्रकाप्रमाणे तो शनिवारपर्यंत ठणठणीत होता.

सोमवारी थोरल्याचं पेन पहिल्या रकान्यावर थांबलं. त्याने धाकट्याकडे पाहिलं. केस विंचरलेले, दाढी केलेली. बाहुल्या नेहमीएवढ्या.

"कसं वाटतंय?"

"छान. फक्त दारं हलतात अजून जरा. कडेकडेने."

"मेकॅनिक आहोत आपण. दारं हलली नाहीत तर खाणार काय?"

दोघेही हसले. थोरल्याने सहा सह्या केल्या.

बुधवारी सातव्या मजल्यावर धाकट्याने किल्लीने बाहेरचं दार सरकवलं. लिफ्टचा डबा तिसऱ्या मजल्यावर होता. पाय टाकण्याआधी पान्याने डब्याच्या तळावर ठोकायचं, टण्ण आवाज आला तरच आत जायचं, हे त्याला थोरल्यानेच शिकवलं होतं. धाकटा वाकला, त्याने पाना खाली नेऊन ठोकलं.

"आहे, दादा," तो म्हणाला.

थोरला पिशवीत फ्यूज शोधत होता. आवाज आलेला नाही हे कानांना कळलं. मानेला कळायला थोडा वेळ लागला. त्याने वर पाहिलं तेव्हा दारात कुणी नव्हतं.

पण तसं काही झालेलं नाही, असं आपलं ठरलं आहे.

वहिनीने डॉक्टरांना डबीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, रक्ताच्या तपासणीत तसलं काही सापडलं नाही. घेणं थांबवल्यावरही काही जणांना नसलेलं दिसत राहतं, ऐकू येत राहतं. मग त्यांनी विचारलं, "आधी काही लक्षणं होती का?" थोरल्याने मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते डॉक्टरांनी विचारलं नाही.

शुक्रवारी साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, मग फाइल पुढे सरकवली.

"तू अजिबात काळजी करू नकोस. कागद चोख आहेत. तुझी सही आहे, माझा शिक्का आहे. तो कामास योग्य होता."

थोरल्याने पत्रकावरून बोट फिरवलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. बोट तिथे थांबलं नाही, कारण सह्या तिथे थांबल्या नव्हत्या.

"साहेब, एक कोरा कागद मिळेल?"

मिळाला. त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'मा. व्यवस्थापक यांस,

अर्ज करतो की, माझा साथीदार (नात्याने सख्खा धाकटा भाऊ) गुरुवार, शुक्रवार व शनिवार हे तिन्ही दिवस शुद्धीत व कामास योग्य असल्याची नोंद आपल्या दप्तरी असून तीवर आपला शिक्का आहे. तथापि तो काल हजर झाला नाही व आजही झालेला नाही. तरी सदर नोंदीची अंमलबजावणी करून त्यास उद्या, शनिवारी, सकाळी आठ वाजता माझ्यासमोर उभे करण्यात यावे, ही नम्र विनंती. त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मी स्वतः तपासून घेईन. दारे हलतात का, तेही विचारीन. सही त्यानंतरच करीन.'